गावचा पशुआश्रय : आधी तणीस, मग गोठा

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द येथे जे धरण उभे आहे, त्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. सुमारे अकरा किलोमीटर लांबीच्या व ३३ दरवाजांच्या या धरणाने नदीकाठच्या गावांचे जीवन पालटून टाकले. पाणी आले, परंतु त्याबरोबर अनेक गावठाणे, नदीकाठची कुरणे व गुरांची पाणवठ्याकडे जाणारी जुनी वाट जलाशयाखाली गेली. पुनर्वसित गावठाणात माणसास घराची जागा मिळाली, तरी ढोरास पूर्वीइतके रान मिळणे शक्य नव्हते. या बदललेल्या परिस्थितीत निराश्रित व मोकाट गुरांचे काय करावयाचे, हा प्रश्न या परिसरातील प्रत्येक ग्रामसभेपुढे केव्हा ना केव्हा येतो. गावाने मिळून चालविलेला पशुआश्रय हा त्यावरील एक उपाय होय. मात्र तो कसा चालवावा व कोणत्या चुकीमुळे तो मोडतो, याचा विचार आधी व्हावयास हवा.

गुरे मोकाट का होतात ?

धानाच्या पट्ट्यात पूर्वी खरिपाचे एकच पीक मुख्य असे. धान कापून झाले, लाखोळी निघाली, की बांध्या उन्हाळाभर मोकळ्या राहत. सकाळी आखरावर गावची ढोरे जमत, गायकी त्यांना रानात नेई व सांजेला परत आणी. दिवाळीच्या गायगोधनात गायकीचा मान असे, तो या व्यवस्थेचाच मान होता. आता जेथे कालव्याचे पाणी पोचले आहे, तेथे उन्हाळी धान उभे असते. मोकळे रान उरत नाही. नांगरणीस ट्रॅक्टर आल्यामुळे गोऱ्ह्यास काम राहिले नाही. महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियमातील सुधारणा मार्च २०१५ मध्ये अमलात आल्यापासून गाईप्रमाणे बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी आहे. त्यामुळे म्हाताऱ्या बैलास गिऱ्हाईक मिळत नाही, आणि त्यास पोसण्याची ऐपत लहान शेतकऱ्यास नसते. दावे सोडून देणे हाच त्यास सोपा मार्ग वाटतो.

दावे सोडल्याने खर्च मात्र संपत नाही. तो शेजाऱ्याच्या बांधीत जातो. एका रात्रीत लाखोळीचे किंवा उन्हाळी धानाचे पीक तुडवले जाते व भाऊबंदकीचे वैर उभे राहते. त्यातच जलाशयाला लागून उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. २०१२ साली घोषित झालेल्या या अभयारण्यात वाघाचा वावर आहे. राखणदाराविना जंगलाच्या कडेला चरणारे जनावर वाघास गावाकडे ओढून आणते, ही गोष्ट विसरता येत नाही.

कोंडवाडा व पशुआश्रय यांतील भेद

कोंडवाडा गावास नवा नाही. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याने त्याचे नियम घालून दिले होते : पकडलेले जनावर सात दिवसांत कोणी सोडवून नेले नाही, तर पोलीस ठाण्यास कळवावे व पुढे लिलाव करावा. कोंडवाड्याचा हेतू पिकाचे रक्षण व मालकास दंड एवढाच होता. ज्या जनावरास मालकच नको आहे, त्याच्यासाठी कोंडवाड्यात सोय नाही.

पशुआश्रयाची परंपराही जुनी आहे. मुंबईचे पांजरपोळ १८३४ साली सुरू झाले. वर्ध्यास गांधीजींच्या प्रेरणेने व जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने १९४१ साली गोसेवा संघाचे काम सुरू झाले. तेथे केवळ दया हा आधार न मानता गवळाऊ जातीची सुधारणा, शेण-मुताचा पुरेपूर उपयोग व मेलेल्या जनावराच्या कातड्याचा उद्योग यांवरही भर होता. जवळच्या नालवाडीचे चर्मालय याच विचारातून चालले. स्वातंत्र्यानंतर पहिल्या पंचवार्षिक योजनेत निरुपयोगी गुरांसाठी १६० गोसदने उघडण्याचे ठरले होते. प्रत्यक्षात सुमारे २२ च उघडली गेली. हेतू उत्तम असूनही संख्या का गाठली गेली नाही, याचा बोध आजच्या गावानेही घ्यावा. गुरे गोळा करणे सोपे असते. त्यांना वर्षानुवर्षे चारा पुरविणे कठीण असते.

पहिला हिशेब : चारा

पशुआश्रय काढावयाचा म्हटला, की गावात प्रथम शेडच्या वर्गणीची गोष्ट निघते. ही गोष्ट मागून यावयास हवी. पहिला हिशेब चाऱ्याचा करावा. गावरान मोठ्या जनावरास दिवसाला निदान ६ किलो सुका चारा व ५ किलो हिरवा चारा धरला, तर ५० जनावरांस रोज ३०० किलो, म्हणजे वर्षास सुमारे ११० टन सुका चारा लागतो. एक एकर धानातून ढोबळ मानाने एक टन तणीस मिळते असे धरल्यास, ५० जनावरे म्हणजे ११० एकरांची तणीस होय. एवढी तणीस कोण देणार, केव्हा देणार व कोठे रचणार, हे नावनिशीवार लिहिल्याखेरीज एकही जनावर आत घेऊ नये.

येथेच हार्वेस्टरचा विचार करावा लागतो. यंत्राने कापणी केलेल्या बांधीत तणीस विखरून पडते व पुष्कळदा जाळली जाते. गावाने ती वेळेवर गोळा करण्याची तजवीज केली, तर फुकट जाणारा चाराच आश्रयाचा आधार ठरेल. हिरव्या चाऱ्यासाठी पाण्याची सोय असलेल्या दीड-दोन एकरांत संकरित नेपियर लावल्यास, खतपाणी चांगले मिळाल्यावर ५० जनावरांची गरज भागू शकते.

नुसती तणीस पचनास जड व सत्त्वाने हलकी असते. तीवर युरियाची प्रक्रिया करण्याची रीत सोपी आहे. १०० किलो तणसीसाठी ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावा. तणसीचे थर पसरून प्रत्येक थरावर द्रावण सारखे शिंपडावे व पायाने दाबावे. ढीग प्लास्टिकच्या कागदाने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवावा. खाऊ घालण्यापूर्वी तणीस तासभर मोकळ्या हवेत पसरावी व प्रारंभी थोडी थोडी देऊन आठवड्याभरात प्रमाण वाढवावे. सहा महिन्यांखालील वासरांस ती मुळीच देऊ नये. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागल्यास ते दगावते. म्हणून भांडी व पोती कुलपात ठेवावीत. चाऱ्याबरोबर रोज ३० ते ५० ग्रॅम क्षारमिश्रण व थोडे मीठ द्यावे.

पाणी व जागा

एका जनावरास उन्हाळ्यात ४० लिटर किंवा अधिक पाणी लागते. जलाशय जवळ आहे म्हणून त्याच काठी पाजणे हितावह नाही. नागपूर शहराचे सांडपाणी वाहणारी नाग नदी कन्हानमार्गे वैनगंगेस मिळते. शिवाय साचलेल्या पाण्यातील गोगलगायींमार्फत यकृतातील चपटे कृमी पसरतात. धानपट्ट्यातील गुरे खंगण्याचे ते एक मोठे कारण आहे. विहिरीचे किंवा विंधनविहिरीचे पाणी हौदात सोडून पाजावे व हौद आठवड्यास चुन्याने रंगवावा.

दर मोठ्या जनावरास सुमारे साडेतीन चौरस मीटर छपराची व सात चौरस मीटर उघडी जागा धरावी. जमीन उंचवट्याची असावी. छप्पर स्थानिक लाकूड व कौलांचे असले तरी चालते.

आश्रयाने द्यावयाच्या सेवा

१. नोंद : आलेल्या प्रत्येक जनावराचा रंग, शिंगे, खुणा, वय व आणणाऱ्याचे नाव नोंदवहीत लिहावे. कानात बारा अंकी बिल्ला असल्यास त्यावरून मालकाचा शोध घ्यावा. नसल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत तो मारून घ्यावा.

२. वेगळे ठेवणे : नवे जनावर तीन ते चार आठवडे निराळ्या आवारात ठेवावे. २०२२ साली लम्पी चर्मरोगाची जी मोठी साथ महाराष्ट्रात आली, तिने हा धडा दिला. अशा रोगात एका जनावराची घाई साऱ्या गोठ्यास भोवते.

३. लसीकरण व उपचार : घटसर्प व फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वी, लाळ-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी टोचावी. पावसाळ्याच्या आधी व नंतर जंताचे औषध पाजावे. वेदनाशामक म्हणून डायक्लोफेनॅक वापरू नये. ते अंगात असलेले मृत जनावर खाल्ल्याने गिधाडे मरतात, म्हणून जनावरांसाठी त्याच्या वापरावर भारतात २००६ सालापासून बंदी आहे.

४. खच्चीकरण : निकृष्ट गोऱ्ह्यांचे वेळीच खच्चीकरण करावे. मोकाट वळूंमुळे निरुपयोगी गुरांची संख्या पुढील वर्षी पुन्हा वाढते. ही सेवा आश्रयातील गुरांपुरती न ठेवता साऱ्या गावासाठी ठेवावी.

५. परत देणे : धडधाकट गाय किंवा कामाचा बैल गरजू शेतकऱ्यास करारपत्रावर द्यावा. न झेपल्यास जनावर आश्रयासच परत करावे, रस्त्यावर सोडू नये, अशी अट असावी. आश्रयातून जितकी जनावरे पुन्हा दावणीस जातील, तितके आश्रयाचे यश मानावे.

६. अडचणीतील ठेव : आजारपण, पूर किंवा चाराटंचाई यांमुळे काही आठवडे जनावर सांभाळू न शकणाऱ्या शेतकऱ्याचे जनावर तणसीच्या मोबदल्यात ठेवून घ्यावे. अडीअडचणीत अशी सोय मिळाली, तर दावे सोडण्याची पाळीच येत नाही.

भटक्या कुत्र्यांची सोय त्याच आवारात करू नये. त्यांचे निर्बीजीकरण व पिसाळ रोगाची लस यांसाठी २०२३ चे स्वतंत्र नियम आहेत; ते काम ग्रामपंचायतीने निराळे योजावे.

उत्पन्न व खर्च

५० जनावरांपासून रोज सुमारे ४०० किलो शेण गोळा होऊ शकते. दोन घनमीटर गोबरगॅस संयंत्रास रोज ५० किलो शेण पुरते. उरलेल्या शेणाचे कंपोस्ट किंवा गांडूळखत करून तणीस देणाऱ्या शेतकऱ्यांस सवलतीने द्यावे. तणीस आत व खत बाहेर, असा हा व्यवहार बसला म्हणजे आश्रय केवळ दानावर अवलंबून राहत नाही. महाराष्ट्र गोसेवा आयोग २०२३ च्या अधिनियमाने स्थापन झाला. गोशाळांतील देशी गाईंसाठी दर गाईमागे रोज ५० रुपये अनुदान देण्याचा निर्णय राज्य शासनाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी घेतला. अनुदानाची चौकशी जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयात करावी. परंतु अनुदान येईल या भरवशावर गुरे भरू नयेत.

मृत जनावर नाल्यात किंवा जलाशयाकाठी टाकू नये. गावाबाहेर, पाण्यापासून दूर, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. अचानक मेलेल्या जनावराच्या नाका-गुदातून काळे रक्त येत असल्यास ते फाडू अथवा सोलू नये. तो फाशी रोग असू शकतो व माणसासही तो होतो. दवाखान्यास तात्काळ कळवावे.

सारांश

ज्या आश्रयात चाऱ्यापेक्षा गुरे अधिक होतात, तेथे जनावर रस्त्यावर न मरता भिंतीआड मरते, एवढाच फरक पडतो. म्हणून गंजीत जेवढी तणीस, तेवढीच दावणीवर जनावरे, हा नियम ग्रामसभेने ठरावाने बांधून घ्यावा व दारावर लिहून ठेवावा. "जागा नाही" असे सांगणे चालकांस जड जाते; परंतु आत असलेल्या मुक्या जनावरांशी प्रामाणिक राहावयाचे तर कधी कधी ते सांगावेच लागते.

ग्रामसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. गावात धानाचे क्षेत्र किती व त्यातील किती तणीस दरवर्षी जळते किंवा कुजते ?

२. मोकाट गुरे किती व त्यांपैकी कानात बिल्ला असलेली किती ?

३. तणीस रचण्यासाठी पुराच्या पाण्यापासून सुरक्षित अशी जागा कोणती ?

४. नोंदवही, चारा व औषधोपचार यांची जबाबदारी घेणाऱ्या तीन व्यक्ती कोण ?

या चार प्रश्नांची उत्तरे लिहून झाली, म्हणजे शेडच्या खर्चाचा विचार करण्यास हरकत नाही.