सहा पेट्या, दोन वाहिन्या

संगणकासाठी ‘सराउंड साउंड’ संच, म्हणजे ऐकणाऱ्याच्या चहूबाजूंनी ध्वनी पोहोचविणारा स्पीकरांचा संच, निवडताना सर्वसाधारण ग्राहक प्रथम खोक्यावरचे वॅट पाहतो, नंतर किंमत पाहतो, आणि आपली खोली व आपला संगणक यांचा विचार संच घरी येऊन तारा जमिनीवर पसरल्यानंतर करतो. हा क्रम नेमका उलटा असावयास हवा, कारण संचात सहा पेट्या असणे ही एक गोष्ट आणि त्या सहा पेट्यांना सहा निरनिराळे ध्वनी मिळणे ही सर्वस्वी दुसरी गोष्ट असून, पहिली पैसे मोजून मिळते, तर दुसरी संगणकाच्या मागील भोकांवर, चित्रपट वा खेळ ज्या मार्गाने चालविला जातो त्यावर आणि भिंतींच्या अंतरांवर अवलंबून असते. पुण्याजवळच्या हिंजवडीसारख्या आयटी वस्तीत, जेथे घर भाड्याचे, करार अकरा महिन्यांचा आणि लॅपटॉप बहुधा कंपनीचा असतो, तेथे हा फरक अधिकच महाग पडतो.

प्रथम संज्ञा स्पष्ट करणे इष्ट. ‘५.१’ या अंकांतील ५ म्हणजे पाच पूर्ण वाहिन्या: समोरची डावी, समोरची उजवी, मधली, आणि मागच्या बाजूच्या डावी व उजवी; तर बिंदूनंतरचा १ म्हणजे केवळ खर्जाची वाहिनी, जिची मर्यादा सुमारे १२० हर्ट्झपर्यंतच असल्याने तिला पूर्ण वाहिनी न मानता अपूर्णांकाचे स्थान दिलेले आहे. ‘वाहिनी’ म्हणजे स्वतंत्रपणे मुद्रित केलेला आणि स्वतंत्रपणे वाजवावयाचा ध्वनी, पेटी नव्हे. चित्रपटगृहात अनेक वाहिन्यांचा प्रयोग डिस्नेच्या ‘फँटेशिया’पासून, म्हणजे १९४० पासून झालेला असला, तरी आज घरोघरी परिचित असलेली डॉल्बी डिजिटल पद्धत १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’सोबत पडद्यावर आली. तत्पूर्वीचा बहुतेक भारतीय चित्रपट एका किंवा दोन वाहिन्यांचा आहे. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ सहा पेट्यांवर लावला, तरी मूळ ध्वनी एकाच वाहिनीचा असल्याने टाळ मागून आणि अभंग पुढून असे काही घडत नाही, आणि संचावरील ‘एक्स्पान्ड’चे बटण दाबून ते घडविण्याचा प्रयत्न केल्यास हाती येतो तो निव्वळ घुमारा.

प्रस्तुत लेखकाने हिंजवडीच्या तिसऱ्या टप्प्यात, भाड्याच्या सदनिकेत राहत असताना, असाच एक ५.१ संच घेतला आणि येथे नोंदविलेल्या चुकांपैकी जवळजवळ प्रत्येक चूक स्वतः करून पाहिली. संचाच्या तारा तीन टोकांत संपत होत्या: हिरवे टोक समोरच्या जोडीसाठी, काळे मागच्या जोडीसाठी, नारिंगी मधल्या पेटीसाठी व सबवूफरसाठी, म्हणजे खर्जाच्या मोठ्या पेटीसाठी. लॅपटॉपला मात्र हेडफोनचे एकच भोक होते. विक्रेत्याने त्यावर एका भोकाचे तीन करणारी छोटी जोडतार सहज पुढे केली, सहाही पेट्या वाजल्या, आणि त्या वाजल्या म्हणून व्यवहार पूर्ण झाला असे उभयपक्षी समजले गेले. वस्तुतः त्या तारेने डाव्या-उजव्या अशा दोनच वाहिन्या तीन ठिकाणी वाटल्या होत्या. त्यामुळे पडद्यावर समोरासमोर बसून बोलणाऱ्या पात्रांचे संवाद ऐकणाऱ्याच्या मानेमागूनही येत असत. हा दोष कळण्यास दोन महिने लागले, ही गोष्ट येथे संकोचाने नमूद करावी लागते. विंडोजमधील ध्वनीच्या मांडणीत ‘कॉन्फिगर’ हा पर्याय उघडला असता तेथे ‘स्टिरिओ’ एवढा एकच शब्द होता, ‘५.१’ हा पर्याय तेथे नसणे म्हणजे संगणकाकडे देण्यास सहा वाहिन्याच नाहीत, एवढा सरळ अर्थ त्या यादीचा होतो, आणि खरेदीपूर्वी अर्ध्या मिनिटात करण्याजोगी दुसरी कोणतीही चाचणी एवढी निर्णायक नाही.

सहा वाहिन्या संगणकाबाहेर नेण्याचे मार्ग मोजकेच आहेत, व प्रत्येकाची स्वतःची अट आहे. मेजावरच्या संगणकाच्या मदरबोर्डवर तीन किंवा अधिक ध्वनिभोके असतील, तर ती ड्रायव्हरमधून ५.१ साठी वापरता येतात, आणि हा मार्ग सर्वांत स्वस्त व सर्वांत कमी कटकटीचा ठरतो. लॅपटॉपसाठी यूएसबीला जोडावयाचे बाहेरचे साउंड कार्ड मिळते. तथापि कंपनीच्या लॅपटॉपवर ड्रायव्हर बसविण्याची परवानगी आयटी विभाग देतो किंवा कसे, आणि यूएसबीची दारे उघडी तरी आहेत काय, हे आधी विचारलेले बरे, अन्यथा साउंड कार्ड खणात पडून राहते. ऑप्टिकल तार, म्हणजे प्रकाशाच्या स्पंदांनी ध्वनी नेणारी तार, पुष्कळांना सर्वश्रेष्ठ वाटते. परंतु न दाबलेल्या स्वरूपात ती दोनच वाहिन्या वाहून नेते. सहा वाहिन्या न्यावयाच्या तर त्या डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या पद्धतींत दाबलेल्या असाव्या लागतात व स्पीकर-संचात त्या पुन्हा उलगडणारा डिकोडर असावा लागतो. चित्रपटाच्या फाइलमध्ये ध्वनी आधीच तसा दाबलेला असू शकतो. संगणकावरील खेळाचा ध्वनी मात्र त्या त्या क्षणी तयार होत असल्याने तो तत्काळ दाबून देणारी ‘डॉल्बी डिजिटल लाइव्ह’सारखी सोय संगणकात नसेल, तर त्याच तारेतून पुन्हा दोनच वाहिन्या बाहेर पडतात. एचडीएमआय तार आठ वाहिन्या न दाबता नेऊ शकते, पण तिच्यासाठी पलीकडे रिसीव्हर, म्हणजे वाहिन्या उलगडून पेट्यांना शक्ती पुरविणारे यंत्र, लागतो, आणि तेथे खर्चाचा आकडा वेगळ्याच इयत्तेत जातो. ब्लूटूथविषयी एवढेच सांगणे पुरे की संगीतासाठीची त्याची रूढ पद्धत दोन वाहिन्यांची आहे, खोक्यावर ‘५.१ ब्लूटूथ’ असे छापलेले असले, तरी त्यातील ५.१ आणि ब्लूटूथ एका वेळी लागू होत नाहीत.

वॅटांबाबत तर साक्षरतेची खरोखर गरज आहे. ‘पीएमपीओ’ हे संगीतातील क्षणिक शिखराच्या नावाखाली सांगितले जाणारे माप असून त्याला कोणतीही एकच सर्वमान्य व्याख्या नाही, आणि म्हणूनच हजारोंचे आकडे छापणे शक्य होते. ‘आरएमएस’ म्हणजे सातत्याने देता येणारी शक्ती, आणि तुलना करावयाची ती तिचीच. प्रस्तुत लेखकाने सबवूफर उलटा करून त्याच्या पाठीवरची धातूची पट्टी वाचली, तेव्हा तेथे २३० व्होल्ट व ५० वॅट असे छापलेले आढळले. भिंतीतून सरासरी ५० वॅट घेणारे यंत्र सातत्याने त्याहून अधिक ध्वनिशक्ती देऊ शकत नाही, हे शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकाइतके सोपे आहे, आणि तरीही खोक्याच्या पुढल्या बाजूचा चार अंकी आकडा पाहून माणूस ते विसरतो. त्याशिवाय शक्ती दुप्पट केल्याने ध्वनी केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटण्यासाठी ती सुमारे दहापट करावी लागते. मेजावर हातभर अंतरावरच्या स्पीकरला एक-दोन वॅट पुरतात.

परंतु सर्वांत मोठी अडचण निघाली ती खोलीची. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस ७७५ या शिफारशीनुसार समोरच्या दोन पेट्या मध्यरेषेपासून प्रत्येकी ३० अंशांवर आणि बाजूच्या दोन पेट्या १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे, सर्व पेट्या ऐकणाऱ्यापासून समान अंतरावर अशा असाव्यात. हे वर्तुळ १० फूट बाय ११ फुटांच्या बेडरूममध्ये आखू गेल्यास काय होते? मेज खिडकीला टेकलेले, डावीकडे भिंतीतले कपाट, उजवीकडे दार, पाठीशी पलंग; त्यामुळे डावी बाजूची पेटी कपाटाच्या सरकत्या पल्ल्यासमोर येते आणि शर्ट काढताना दर वेळी हलवावी लागते, तर उजवी पेटी दारामागे जाते व दार उघडे असेतो एका बाजूने बहिरी राहते. भिंतीत खिळा ठोकावा तर करारात तसे न करण्याची अट असते आणि शेवटी डिपॉझिटमधून लांबी-रंगाचे पैसे कापले जातात. शिवाय अनेक नव्या इमारतींच्या भिंती ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या काँक्रीटच्या असल्याने हॅमर ड्रिलवाचून काम होत नाही. प्रस्तुत लेखकाने अखेरीस मागच्या पेट्या पलंगाच्या उशाशी ठेवल्या. त्या कानापासून दोन मीटरवर आणि समोरच्या ८० सेंटिमीटरवर, असा फरक पडला. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे मागचा ध्वनी साडेतीन मिलिसेकंद उशिरा येऊ लागला. चांगल्या रिसीव्हरमध्ये हे अंतर भरून काढण्याची सोय असते, या संचात ती नव्हती. मधली पेटी मेजावर जागा नाही म्हणून मेजाखाली गेली, आणि चित्रपटातील बहुतेक संवाद मधल्याच वाहिनीत असल्याने, पुढे साउंड कार्ड आल्यावर, नायकनायिका गुडघ्यांशी बोलू लागले.

खर्जाचे वर्तन तर आणखी निराळे असते. ११ फुटांच्या, म्हणजे सुमारे ३.३५ मीटर अंतराच्या, दोन समांतर भिंतींमध्ये ५१ हर्ट्झच्या आसपासची लहर पुढे-मागे आदळून जागच्या जागी उभी राहते. भिंतीजवळ ती फुगते, मध्यावर जवळजवळ नाहीशी होते. गुळगुळीत फरशा, काच आणि काँक्रीट यांनी वेढलेल्या खोलीत वरचे स्वरही खणखणतात. त्यांवर जाड पडदा, सतरंजी व पुस्तकांनी भरलेले कपाट हा उपाय चालतो, पण ५१ हर्ट्झपुढे पडद्याचे काही चालत नाही. सबवूफरची जागा शोधण्याची जुनी युक्ती अशी की तो उचलून आपल्या खुर्चीवर ठेवावा, एकसारख्या खर्जाची धून लावावी, आणि स्वतः भिंतीच्या कडेकडेने रांगत, जेथे खर्ज सर्वांत स्वच्छ व सम ऐकू येईल ती जागा सबवूफरला द्यावी. प्रौढ माणसाने थंड फरशीवर चार पायांवर फिरणे कुटुंबीयांच्या विनोदाचा विषय होते, हे खरे. तथापि पैसे खर्च न करता होणारी याहून मोठी सुधारणा ज्ञात नाही.

येथे शेजाऱ्याचा प्रश्न येतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा असून रात्र ही १० ते ६ धरलेली आहे. हे माप कानाच्या संवेदनशीलतेनुसार घेतले जाते आणि त्यात ५० हर्ट्झचा खर्ज प्रत्यक्षापेक्षा सुमारे ३० डेसिबलने कमी मोजला जातो. त्यामुळे मोबाइलवरील मापक निर्दोष आकडा दाखवीत असतानाही खालच्या मजल्यावरील गृहस्थाला आपल्या छतातून धडधड येत असते, आणि दोघेही खरे बोलत असतात. हिंजवडीत तर दिवस आणि रात्र हीच विभागणी डळमळीत आहे: अमेरिकेच्या वेळेनुसार काम करणारा सकाळी ११ वाजता झोपलेला असतो आणि रात्री ९ वाजता शेजारच्या खोलीतून त्याचा कॉल सुरू असतो. प्रस्तुत लेखकाला खालून आलेली तक्रार अशीच भर दुपारची होती आणि ती सर्वथा रास्त होती. सबवूफरखाली दाट फोम व त्यावर जड लादी ठेवल्याने स्लॅबमध्ये थेट उतरणारे कंपन कमी झाले. हवेतून जाणारा खर्ज मात्र पातळी कमी केल्यावाचून आटोक्यात आला नाही.

एका किरकोळ वाटणाऱ्या दोषाचा उल्लेख राहतो. लॅपटॉपचा चार्जर लावताच स्पीकरमधून बारीक गुणगुण सुरू होत असेल, तर संच बिघडला असे समजून तो परत नेण्याची घाई करू नये. चार्जर काढून बॅटरीवर ऐकावे, गुणगुण थांबली तर दोष विजेच्या जोडणीचा, बहुधा अर्थिंगच्या वळशाचा असतो, आणि सर्व उपकरणे एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डावर घेतल्याने किंवा ध्वनितारेत एक छोटा आयसोलेटर बसविल्याने तो बहुधा जातो. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला काही कारागीर देतात. तो प्राणाशी खेळ असल्याने कदापि मानू नये.

या सर्वांवरून निघणारे मत काहीसे अरसिक वाटेल, पण ते स्पष्ट मांडणे भाग आहे: भाड्याची बेडरूम, एकच ऐकणारा आणि भिंतीला टेकलेले मेज अशी स्थिती असल्यास त्याच पैशात दोन चांगले स्पीकर घ्यावेत, खर्ज हवाच असेल तर २.१ संच घ्यावा, आणि खेळातील शत्रूच्या पावलांची दिशा कळणे हाच हेतू असेल तर हेडफोनवरील आभासी सराउंड, म्हणजे दोन कानांपर्यंत ध्वनी पोहोचताना पडणारे सूक्ष्म फरक गणिताने निर्माण करणारी पद्धत, अधिक उपयोगी पडते. खरा ५.१ संच त्याने घ्यावा, ज्याच्या हॉलमध्ये सोफा मागच्या भिंतीपासून निदान दोन-तीन फूट पुढे ओढता येतो आणि ज्याला घर लवकर बदलावयाचे नाही.

तरीही तो घ्यावयाचाच असेल, तर पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीसारख्या बाजारात जाताना स्वतःचा संगणक आणि स्वतःची तार सोबत न्यावी, गाणे लावू न देता विंडोजमधील स्पीकर-चाचणी लावावी, आणि ‘मागची डावी’ हे चित्र दाबल्यावर केवळ मागची डावीच पेटी वाजते काय ते पेटीच्या जाळीला तळहात लावून पाहावे, कारण अशा बाजारातील गलक्यात कोणती पेटी वाजते आहे हे कानाला कळत नाही, पण जाळीमागची थरथर तळहाताला कळते. लेखकाच्या संचातील मागच्या दोन पेट्या सध्या माळ्यावर त्यांच्या मूळ थर्माकोलमध्ये आहेत; तिसऱ्या टप्प्यातून वाकडला घर हलविताना पॅकर्सवाल्याने त्या न उघडताच टेम्पोत चढविल्या आणि तशाच उतरविल्या.