घाटउतारावर ट्रकला कोण आवरते?

वाशीम जिल्ह्यातील केनवडहून सोयाबीन भरून मुंबईकडे निघालेला ट्रक कसारा घाट उतरू लागला, की चालकाची खरी परीक्षा सुरू होते. समजा, मालासह ट्रकचे वस्तुमान 16,000 किलोग्रॅम आहे आणि तो 300 मीटर खाली येतो. वस्तुमान × गुरुत्वत्वरण (सुमारे 10) × उंची हा गुणाकार केला, तर स्थितिज ऊर्जा 4 कोटी 80 लाख ज्यूल भरते. वेग वाढू द्यायचा नसेल, तर या साऱ्या ऊर्जेची उष्णता होणारच. तेवढ्या उष्णतेने 25° सेल्सिअसचे सुमारे 150 लिटर पाणी उकळीस येईल!

हा भार एकट्या ब्रेकवर पडला, तर ड्रम तापून प्रसरण पावतात, लायनरचे घर्षण घटते आणि ब्रेक लागेनासे होतात. म्हणूनच जुन्या ट्रकांवर हात बसलेले चालक सांगतात : ज्या गियरात घाट चढाल, त्याच गियरात उतरा. खालच्या गियरात चाकेच इंजिनाला फिरवतात. इंजिनातील घर्षणात आणि हवा आतबाहेर ढकलण्यात ऊर्जा खर्च होते.

न्यूट्रलमध्ये गाडी सोडल्यास डिझेल वाचते, हा जीवघेणा गैरसमज आहे. गियरात असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर उतारावर पंप इंधन तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यास डिझेल लागतेच.

जुना ट्रक चालकाकडून पदार्थविज्ञान करवून घेतो. मला तो आवडतो तो यासाठीच. आता रिकाम्या, 6,000 किलोग्रॅमच्या ट्रकसाठी वरील गणित करून पाहा.