थंड प्रदेशातील अंजिराचा आगाप बहार

प्रस्तावना

बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाला 'तुम्ही तर अगदी उंबराचे फूल झालात' असे मराठीत म्हटले जाते. उंबराचे फूल कोणाच्या दृष्टीस पडत नाही, म्हणून हा वाक्प्रचार रूढ झाला. वास्तविक उंबराला फुले असतात. परंतु ती बाहेर उमलत नाहीत. ज्याला फळ म्हटले जाते, त्या मांसल, पोकळ पेल्याच्या आतल्या बाजूस ती शेकड्यांनी दाटीने लागलेली असतात. वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर ही सर्व फायकस या एकाच प्रजातीतील झाडे असून त्या सर्वांची तऱ्हा अशीच आहे. त्यामुळे अंजिराला फुलोरा आला की नाही, हे पाहून बहाराचा अंदाज बांधता येत नाही. फांदीवर इवलासा हिरवा मणी दिसला, की तोच फुलोरा आणि तेच फळ.

महाराष्ट्रात अंजीर म्हटले की पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुका आठवतो. तेथील अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. खट्टा बहार आणि मीठा बहार हे दोन शब्द तेथील बागायतदारांच्या तोंडी नेहमी असतात. एकच झाड वर्षातून दोनदा फळते, हे त्यांच्या दृष्टीने नवल नव्हे. हेच झाड उत्तरेकडील थंड देशात नेऊन लावले तर त्याचे दोन्ही बहार हाती लागतात का? इंग्लंडमधील परसबागेत अंजीर लावणाऱ्यांपुढे हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या उभा राहिला आहे. त्याचे उत्तर त्यांनी कसे शोधले, याचा परिचय या पाठात करून दिला आहे.

दोन बहारांचे गणित

अंजीर हे मूळचे पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राच्या परिसरातील झाड. लांब, कोरडा, कडक उन्हाळा आणि सौम्य हिवाळा त्याला मानवतो. अशा ठिकाणी त्याला दोनदा फळे येतात. पहिली फळे गेल्या वर्षीच्या जुन्या फांदीवर वाढतात आणि उन्हाळ्याच्या पूर्वार्धात पिकतात. स्पॅनिश भाषेत या आगाप फळांना 'ब्रेबा' म्हणतात. हा शब्द आता जगभरच्या अंजीरप्रेमींनी उचलला आहे. दुसरी फळे चालू वर्षी फुटलेल्या कोवळ्या फांदीवर, पानांच्या बेचक्यात धरतात आणि उन्हाळा सरता सरता पिकतात. उष्ण देशांत हा दुसरा बहारच मुख्य समजला जातो.

इंग्लंडमध्ये हे गणित उलटते. लंडन शहर ५१ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर आहे. तेथे जूनमध्ये दिवस सोळा तासांहून मोठा असतो, तर डिसेंबरमध्ये जेमतेम आठ तासांचा. नव्या फांदीवरची फळे जूनच्या सुमारास धरू लागतात, जुलै-ऑगस्टमध्ये फुगतात आणि सप्टेंबरअखेर लहानशा लिंबाएवढी होतात. तेवढ्यात ऊन कोवळे होते, रात्री गारठतात आणि फळांची वाढ थांबते. ती हिरवी, टणक फळे त्या वर्षी पिकत नाहीत. हिवाळ्यात ती गारठून काळी पडतात किंवा कुजतात.

मात्र त्याच फांदीच्या शेंड्याजवळ आणखी काही फळे असतात. ती उन्हाळ्याच्या अगदी शेवटी धरलेली, मटाराच्या दाण्याएवढी किंवा त्याहूनही लहान असतात. पाने गळून गेलेल्या उघड्या फांदीवर ती सहज नजरेतही भरत नाहीत. लहान असल्यामुळेच ती सौम्य हिवाळ्यात तग धरतात. वसंत ऋतूत झाडात रस चढू लागला की ती पुन्हा वाढीला लागतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पिकतात. म्हणजे इंग्लंडच्या परसात ऑगस्टमध्ये तोडलेले अंजीर हे आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात जन्मलेले असते. तेथे मिळतो तो हाच आगाप बहार. दुसरा बहार उघड्या बागेत सहसा पिकत नाही.

शरद ऋतूतील निर्णय

या एका गोष्टीवर पुढची सगळी निगा अवलंबून आहे, आणि नवखा माळी नेमका येथेच चुकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याच्या झाडावर दहा-वीस चांगली पोसलेली हिरवी फळे दिसत असतात. आणखी थोडे दिवस ठेवली तर पिकतील, या आशेने तो ती तशीच राखतो. जाणता माळी नेमके उलट करतो. पाने गळू लागली की मटाराच्या दाण्याहून मोठे प्रत्येक फळ तो खुडून टाकतो आणि शेंड्याजवळचे बारीक मणी तेवढे ठेवतो. महिनोन्‌महिने वाढवलेली फळे आपल्याच हाताने खुडणे जिवावर येते, हे खरे. परंतु ती ठेवून एकही फळ मिळत नाही. उलट झाडाची शक्ती त्यांच्यात खर्च होते आणि ती कुजल्यास बुरशी फांदीत उतरण्याचा धोका राहतो.

दुसरी चूक छाटणीची. पुरंदरच्या बागायतदाराच्या दृष्टीने छाटणी म्हणजे बहाराची नांदी होय. तो फांद्या छाटतो, नवे फुटवे निघतात आणि त्या फुटव्यांवर फळे धरतात. हीच रीत इंग्लंडमध्ये जशीच्या तशी वापरली तर काय होईल? हिवाळ्यात सिकेटर घेऊन सर्व फांद्यांचे शेंडे उडवले, तर त्या शेंड्यांबरोबर येणाऱ्या वर्षाचा सगळा बहार कचऱ्यात जाईल. झाड जोमाने फुटेल, हिरवेगार दिसेल, पण त्यावर एकही अंजीर पिकणार नाही. अशा झाडाला वांझ ठरवून उपटून टाकणारेही असतात. दोष मात्र झाडाचा नसतो.

म्हणून तेथे छाटणी जपून, आणि बहुधा कडक थंडी ओसरल्यावर करतात. थंडीने वाळलेली, एकमेकांवर घासणारी किंवा भिंतीपासून फार पुढे आलेली फांदी काढतात. खूप जुनी, खालून ओकीबोकी झालेली एखादी फांदी बुंध्याजवळ बोटभर खुंट ठेवून कापतात. तेथून नवा फुटवा येतो. सर्व फांद्यांना एका वर्षी हात लावत नाहीत. जून महिन्यात मात्र कोवळ्या फुटव्यांना पाच-सहा पाने आली की त्यांचा शेंडा खुडतात. त्यामुळे फुटवा लांबत नाही, लाकूड लवकर पक्के होते आणि उन्हाळा संपण्यापूर्वी पुढील वर्षाचे मणी धरण्यास वेळ मिळतो.

भिंत आणि खड्डा

जागेची निवड हे अर्धे काम आहे. दक्षिणेकडे तोंड असलेली विटांची किंवा दगडी भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडते. तिच्या कुशीत अंजीर लावून फांद्या पंख्याप्रमाणे पसरवतात व आडव्या तारांना बांधतात. लंडनमधील लॅम्बेथ पॅलेस या धर्मपीठाच्या वास्तूत 'व्हाइट मार्सेल्स' जातीचे जुने अंजीर आहे. १५५६ ते १५५८ या काळात कँटरबरीचे आर्चबिशप असलेल्या कार्डिनल रेजिनाल्ड पोल यांनी त्या अंजिराची मूळ लागवड केली, असे परंपरेने सांगतात. तेही भिंतीच्या आश्रयानेच वाढलेले आहे.

अंजिराची मुळे मोकळी सोडली तर ती दूरवर पसरतात. मग झाड पाने आणि फांद्या यांतच रमते आणि फळांचे नाव काढत नाही. यावर एक जुना उपाय आहे. सुमारे ६० सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच खोल खड्डा खणून त्याच्या चारही बाजूंना फरश्या उभ्या करतात. फरश्यांची कड जमिनीच्या किंचित वर ठेवतात, म्हणजे मुळे वरून बाहेर पडत नाहीत. तळाला फरशी घालत नाहीत. तेथे विटांचे तुकडे आणि दगडगोटे वीतभर जाडीने ठासतात, त्यामुळे पाणी निचरून जाते आणि मुळांनाही आळा बसतो. ज्यांना अंगण नाही ते मोठ्या कुंडीत झाड लावतात. कुंडीतील झाडाला उन्हाळ्यात पाण्याचा ताण पडू देऊ नये. फळे वाढत असताना माती एकदा कोरडी ठणठणीत झाली की ती गळून पडतात. नत्रयुक्त खत बेताने द्यावे. टोमॅटोला देतात तसे पालाश अधिक असलेले खत फळधारणेच्या काळात उपयोगी पडते.

हिवाळ्यातील पांघरूण

पाने गळालेले, विश्रांती घेत असलेले अंजीर शून्याखाली काही अंश तापमान सहन करते. साधारण उणे १० अंश सेल्सियसच्या आसपास मात्र फांद्या मरू लागतात. शेंड्यांना आणि त्यांवरील मण्यांना त्याआधीच इजा पोहोचते. झाड मेले नाही तरी बहार गेला, अशी अवस्था थंड प्रदेशात वारंवार येते. म्हणून कडाक्याच्या थंडीपूर्वी फांद्यांमध्ये पेंढा किंवा वाळलेले नेचे खोवून वरून क्रॉप कव्हरसारखे हवा खेळती ठेवणारे कापड बांधतात. प्लॅस्टिक थेट गुंडाळल्यास आत दमटपणा साचतो. कुंडीतील झाड मात्र सरळ पडवीत किंवा शेडमध्ये हलवता येते, आणि थंड देशांत कुंडी अनेकांना का आवडते, याचे हेही एक कारण आहे. मे महिन्यात उशिरा पडणारे दहिवर फसवे असते. त्या सुमारास मणी फुगू लागलेले असतात, म्हणून अशा रात्री पांघरूण पुन्हा घालावे लागते.

जातीची निवड

इंग्लंडमध्ये 'ब्राऊन टर्की' ही जात सर्वाधिक लावली जाते. ती काटक आहे आणि पुरंदरच्या अंजिराप्रमाणेच परागीभवनावाचून फळते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, सिएटल शहराच्या परिसरात, याहून वेगळी निवड झाली. तेथील हिवाळा फारसा कडक नसतो, परंतु उन्हाळा सौम्य आणि आखूड असतो. तेथे 'डेझर्ट किंग' ही हिरव्या सालीची, आतून तांबूस गराची जात लोकप्रिय आहे. नावात वाळवंट असले तरी ती नावाजली गेली आहे थंड प्रदेशात. तिचा आगाप बहार भरघोस असतो, फळे मोठी असतात आणि जुलैअखेरीपासून ऑगस्टपर्यंत पिकतात. या जातीचा स्वभाव मोठा गमतीचा आहे. तिच्या पहिल्या बहाराला परागीभवन लागत नाही. दुसऱ्याला मात्र लागते. ते काम दोनएक मिलिमीटर लांबीची एक विशिष्ट गांधीलमाशी करते. कॅलिफोर्नियात ही माशी परदेशातून मुद्दाम आणून १८९९ मध्ये रुजवण्यात आली. सिएटलच्या हवेत ती नाही. परिणामी दुसऱ्या बहाराची फळे न पिकताच गळून पडतात. माळ्याला ती खुडण्याचे काम बहुतांशी झाडच वाचवते.

इंग्लंडमध्येही ही माशी नाही, त्यामुळे तेथील अंजिरांत उगवणक्षम बी धरत नाही. तरीही शेफील्ड शहरात डॉन नदीच्या काठी अंजिराची झाडे आपोआप उगवलेली आढळतात. परदेशातून आलेल्या सुक्या अंजिरांचे बी सांडपाण्याबरोबर नदीत पोहोचले. नदीचे पाणी पोलादाच्या कारखान्यांत यंत्रे थंड करण्यासाठी वापरून पुन्हा नदीत सोडले जाई. त्या पाण्याच्या उबेने बी रुजले. पुढे अनेक कारखाने बंद पडले, नदी पुन्हा थंड झाली, नवी रोपे उगवणे थांबले. जुनी झाडे मात्र मुळे धरून टिकून राहिली.

फळांची तोडणी

अंजीर तोडल्यानंतर घरात ठेवून नीट पिकत नाही. ते झाडावरच पिकू द्यावे लागते. मान टाकून लोंबू लागलेले, हाताला मऊ लागणारे, सालीवर बारीक भेगा पडलेले फळ तोडणीस योग्य समजावे. कधी कधी तळाच्या छिद्राशी मधासारखा थेंबही दिसतो. अशा वेळी पक्षी आणि गांधीलमाश्या माळ्याच्या आधी पोहोचतात, म्हणून आधीच जाळी लावलेली बरी. तोडताना व छाटताना देठातून पांढरा चीक निघतो. तो कातडीला लागून त्यावर ऊन पडल्यास फोड येतात, म्हणून हातमोजे आणि लांब बाह्यांचा सदरा वापरावा.

शब्दार्थ

आगाप – हंगामात लवकर येणारे. बेचके – पान आणि फांदी यांमधील कोन. पालाश – पोटॅश. दहिवर – गोठलेले दव, हिमतुषार. तग धरणे – टिकून राहणे. नांदी – आरंभ.

स्वाध्याय

१. ऑक्टोबरमध्ये झाडावर असलेल्या मोठ्या आणि लहान अंजिरांपैकी इंग्लंडमधील माळी कोणती ठेवतो? का?

२. पुरंदर आणि इंग्लंड येथील छाटणीचा बहारावर होणारा परिणाम तुमच्या शब्दांत लिहा.

३. 'डेझर्ट किंग' या जातीचा दुसरा बहार सिएटलच्या परिसरात का पिकत नाही?

४. तुमच्या परिसरातील उंबराचे एक कच्चे फळ उभे चिरून पाहा. आत काय दिसले, त्याचे पाच-सहा ओळींत वर्णन करा.