ओके गो बँडची गोष्ट : तुमचं गिऱ्हाईक नक्की कुणाच्या हातात आहे?



या आठवड्याच्या व्हिडिओत मी ओके गो या अमेरिकन बँडची गोष्ट दोन मिनिटांत उरकली. वेळ नव्हता. पण गोष्ट अर्धवट राहिली तर धडाही अर्धवट राहतो, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. "मॅडम, गाण्याच्या बँडचा आणि आमच्या मसाल्याच्या धंद्याचा काय संबंध?" असं मनात आलं असेल तर शेवटपर्यंत वाचा. शेवटी एक हिशोब करायला देणार आहे, तो खास तुमच्यासाठी आहे.

आधी बँड समजून घेऊ

ओके गो १९९८ साली शिकागोमध्ये सुरू झाला. चार जणांचा बँड. गायक डेमियन कुलाश आणि बेस गिटार वाजवणारा टिम नॉर्डविंड यांची ओळख लहानपणी एका कला-शिबिरात झालेली. २००२ साली त्यांचा पहिला अल्बम कॅपिटल रेकॉर्ड्स या कंपनीनं काढला. कॅपिटल ही तेव्हा ईएमआय या मोठ्या समूहातली कंपनी.

अशी कंपनी म्हणजे लेबल. लेबल काय करतं? बँडला उचल देतं. रेकॉर्डिंग, जाहिरात, दुकानांपर्यंत माल पोहोचवणं, सगळं बघतं. मग विक्रीतला बँडचा जो हिस्सा असतो, त्यातून ती उचल आधी वळती करून घेतं. उचल फिटेपर्यंत बँडच्या हातात रॉयल्टीचा पैसा येत नाही. रेकॉर्डिंगची मालकी बहुतेक वेळा लेबलकडेच राहते.

आता हे ऐकून "म्हणजे लुटालूटच की!" असं म्हणू नका. लेबल दहा बँडवर पैसे लावतं, त्यातले बरेचसे बुडतात. बुडालेल्या बँडकडून लेबल सहसा खिशातून वसुली करत नाही. नवख्या माणसासाठी हा सौदा वाईट नसतो. तुम्हालाही पहिला मोठा डीलर, पहिली मोठी ऑर्डर अशीच मिळते. प्रश्न नंतर येतो.

आठ ट्रेडमिल

२००५ मध्ये चौघांनी डेमियनच्या घराच्या मागच्या अंगणात एका गाण्यावर नाच केला आणि तो एका शॉटमध्ये चित्रित केला. नाच बसवला होता डेमियनच्या बहिणीनं, ट्रिश सीनं. तो व्हिडिओ इंटरनेटवर हातोहात फिरला.

मग २००६ मध्ये 'हिअर इट गोज अगेन' आलं. आठ ट्रेडमिल, चार माणसं, एक कॅमेरा. मध्ये कुठे कट नाही. सतरा वेळा चित्रण करावं लागलं. यूट्यूब तेव्हा जेमतेम दीड वर्षाचं होतं. लोकांनी तो व्हिडिओ एकमेकांना पाठवला, आपापल्या ब्लॉगवर लावला. २००७ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं.

इथे थांबा आणि एक गोष्ट लिहून घ्या. बँडचा प्रचार कोण करत होतं? प्रेक्षक. आणि तो होत कुठे होता? हजारो लहान-लहान वेबसाईटवर, जिथे हा व्हिडिओ चिकटवून तिथल्या तिथे चालवता यायचा. याला एम्बेड करणं म्हणतात.

कुलूप लागलं

यूट्यूबनं लेबल कंपन्यांना व्हिडिओमागे पैसे द्यायला सुरुवात केली. पण व्हिडिओ यूट्यूबच्या पानावर पाहिला तरच पैसे, दुसऱ्याच्या वेबसाईटवर पाहिला तर नाही. मग ईएमआयनं एम्बेड बंद केलं. लेबलच्या बाजूनं विचार केला तर त्यांचंही चूक नव्हतं, फुकट माल कोण वाटेल?

बँडचं काय झालं? फेब्रुवारी २०१० मध्ये डेमियननं न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून आकडेच मांडले. ट्रेडमिलचा व्हिडिओ रोज साधारण दहा हजार वेळा पाहिला जात होता, तो हजाराच्या आसपास आला. म्हणजे ९० टक्के घट. आणि सहा महिन्यांच्या स्ट्रीमिंगचे बँडच्या खात्यात किती जमा झाले? २७.७७ डॉलर!

गाणं तेच, व्हिडिओ तोच, प्रेक्षकही तेच. बदललं एवढंच की प्रेक्षकापर्यंत जायच्या वाटेवर दार होतं, आणि त्याची किल्ली बँडकडे नव्हती.

मग त्यांनी काय केलं?

१ मार्च २०१० ला 'धिस टू शॅल पास' या गाण्याचा नवा व्हिडिओ आला. लॉस एंजेलिसमधल्या दोन मजली गोदामात एक अवाढव्य यंत्र उभं केलं होतं. एक सोंगटी पडते, तिच्यामुळे दुसरं काही हलतं, त्यानं तिसरं, असं करत गाणं संपेपर्यंत साखळी चालू राहते. खर्चाला पैसे दिले स्टेट फार्म या विमा कंपनीनं. त्याच महिन्यात बँड ईएमआयमधून बाहेर पडला आणि पॅराकॅड्यूट नावाचं स्वतःचं लेबल सुरू केलं.

पुढची यादी बघा:

- २०१२ : गाडी चालवत रस्त्याकडेची हजारावर वाद्यं वाजवली. पैसे शेवरोलेचे.
- २०१४ : जपानमध्ये ड्रोननं चित्रण, बसून चालवायच्या छोट्या वाहनांवर नाच. वाहनं आणि मदत होंडाची.
- २०१६ : रशियात विमानात, वजनरहित अवस्थेत नाच. एस-सेव्हन या विमान कंपनीचं सहकार्य.
- २०१६ : प्रत्यक्षात ४.२ सेकंदांत घडलेली दृश्यं मंद गतीनं चार मिनिटांवर ताणली. मॉर्टन सॉल्ट या मीठ कंपनीबरोबर.

विमा, गाडी, विमान, मीठ! प्रत्येक वेळी पैसे देणारा वेगळा. प्रेक्षकाला मात्र सगळं फुकट.

यातून आपण काय घ्यायचं?

पहिलं : माल वापरणारा आणि पैसे देणारा वेगवेगळे असू शकतात. बँडनं प्रेक्षकाकडे पैसे मागितले नाहीत, प्रेक्षकाचं लक्ष कमावलं. ते लक्ष कंपन्यांना हवं होतं. तुमच्या लोणच्याची चव गिऱ्हाईक फुकट घेत असेल तर घेऊ द्या. फक्त त्या फुकटामागून पैसा कुठल्या दारानं येणार, हे आधी कागदावर लिहा. ते लिहिता आलं नाही, तर तो निव्वळ खर्च आहे.

दुसरं : एकाला सोडून दुसऱ्या एकालाच धरणं म्हणजे सुटका नाही. बँड ईएमआय सोडून कायमचा एका विमा कंपनीच्या पदरी गेला असता तर फक्त मालक बदलला असता. यूट्यूबवर ते आजही अवलंबून आहेत, तेवढं मान्य करायलाच हवं. पण पैसे देणारे त्यांनी बदलते ठेवले.

तिसरं : स्वातंत्र्याचीही किंमत असते. २०१४ च्या अल्बमनंतर त्यांचा पुढचा अल्बम आला थेट २०२५ मध्ये. स्वतःचं लेबल असलं की मागे लागणारं कुणी नसतं, आणि उचल देणारंही कुणी नसतं. शिवाय बाहेर पडताना त्यांच्याकडे ग्रॅमी होतं, ओळख होती. उद्या सकाळी मोठ्या डीलरला फोन करून "तुमचा माल बंद" असं सांगू नका! आधी दुसरी वाट तयार करा.

माझी चूक

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझं स्टेशनरीचं दुकान आहे. सुरुवातीच्या काळात एका संस्थेची वह्यांची ऑर्डर दरवर्षी मिळायची. वर्षाच्या विक्रीतला निम्म्याहून जास्त भाग तोच. मी खूश. रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाकडे लक्ष कमी झालं, कधी कधी तर "नंतर या" असंही म्हटलं. बीबीएला 'ग्राहकांचं केंद्रीकरण' हा मुद्दा शिकले होते, पेपरात उत्तरही लिहिलं होतं.

एका जूनमध्ये संस्थेनं पुरवठादार बदलला. त्यांचा तो हक्कच होता, आमच्यात लेखी करार नव्हता. मी मात्र गेल्या वर्षीच्या भरवशावर त्यांचं नाव छापलेल्या वह्या आधीच करून ठेवल्या होत्या. माळा भरला होता. शेवटी कव्हरं फाडून त्या रफ वह्या म्हणून अर्ध्या किमतीत विकल्या. कव्हरं फाडायला आई बसली होती माझ्याबरोबर. एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

आता तुमचा हिशोब

कागद घ्या. गेल्या बारा महिन्यांची विक्री कुठून-कुठून आली ते लिहा. दुकानातली, डीलरमार्फत, ऑनलाइन ॲपवरून, एखाद्या हॉटेलला किंवा सोसायटीला. सगळ्यात मोठं नाव शोधा आणि ते उद्या बंद झालं असं समजून गणित मांडा.

उदाहरण घेऊ. महिन्याची विक्री १,२०,०००. त्यातले ८०,००० एका हॉटेलकडून. मालावर नफा २५ टक्के, म्हणजे ३०,०००. भाडं, पगार, हप्ता मिळून ठरलेला खर्च २२,०००. हातात उरतात ८,०००. छान चाललंय असं वाटतं.

हॉटेल गेलं. उरली ४०,००० ची विक्री, नफा १०,०००. खर्च तोच, २२,०००. दर महिन्याला खड्डा १२,००० चा. शिल्लक ३६,००० असेल तर तुमच्याकडे तीन महिने आहेत.

तुमचा हा आकडा किती महिने येतो? सहाच्या खाली आला तर मोठ्या गिऱ्हाइकाशी भांडू नका, त्याची सेवा उत्तम चालू ठेवा. पण या महिन्यापासून दोन कामं सुरू करा. एक, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि नंबर त्याला विचारून स्वतःच्या वहीत लिहा. ॲपमधली यादी ॲपची असते, वहीतली तुमची. दोन, दर तीन महिन्यांनी विक्रीची एक नवी वाट उघडा, लहान असली तरी चालेल.

आकडा काढला की कमेंटमध्ये फक्त महिने लिहा, रक्कम नको. पुढच्या व्हिडिओत तीन महिन्यांच्या आत असलेल्यांसाठी नवी वाट कशी उघडायची ते टप्प्याटप्प्यानं घेऊ.

भेटूया. तोपर्यंत वही उघडा!