टॅब किती जीबीचा घ्यावा? – विद्यार्थी व पालकांसाठी साठवणीचा विचार



दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "सर, पोरीला टॅब घ्यायचाय. चौसष्टचा घेऊ, एकशे अठ्ठावीसचा घेऊ, की लहानच घेऊन बाकीचं गूगलवर ठेवू?" प्रश्न विचारणारा बहुधा सातपूर-अंबडच्या कारखान्यात राबणारा बाप असतो, किंवा चार घरची कामे करून मुलांना शिकवणारी आई असते. टॅब हप्त्याने घ्यायचा असतो आणि तो पुढे चार-पाच वर्षे, पुष्कळदा दोन भावंडांत मिळून वापरायचा असतो. म्हणूनच हा प्रश्न दुकानदाराच्या मर्जीवर सोडून देण्यासारखा नाही. प्रस्तुत लेखात त्याचा साध्या भाषेत, हिशोबासह विचार करू.

जागा दोन प्रकारची

टॅबच्या खोक्यावर '६ + १२८' असे काही लिहिलेले असते. यातील लहान आकडा रॅमचा. ती काम करताना लागणारी तात्पुरती जागा होय. अभ्यासाचे टेबलच म्हणा. मोठा आकडा कायम साठवणीचा, ते कपाट. वह्या-पुस्तके टेबलावर साठवता येत नाहीत, म्हणून दोन्ही आकड्यांची बेरीज करून सांगणाऱ्या विक्रेत्याचे ऐकू नये. शिवाय कपाटाचा एक खण आधीच भरलेला असतो. टॅब चालवणारी प्रणाली व कंपनीने घालून दिलेली अ‍ॅप्स मिळून दहा-वीस जीबी सहज व्यापतात. ३२ जीबीच्या टॅबमध्ये विद्यार्थ्याच्या हाती फारच थोडी जागा उरते, ती यामुळे.

क्लाउड म्हणजे आकाशातले काही नव्हे. ते दुसऱ्याच्या मालकीचे, दूर कुठेतरी असलेले संगणक. आपण इंटरनेटवरून आपल्या वस्तू तेथे ठेवतो व हव्या तेव्हा मागवतो. टॅबची साठवण ही एकदाच विकत घेतलेली खोली. क्लाउड ही भाड्याची खोली, आणि तिच्याकडे जाणारा रस्ता म्हणजे इंटरनेट. भाडे थांबले किंवा रस्ता बंद झाला, तर खोलीतले सामान आपले असूनही हाती येत नाही.

प्रथम गरज मोजा

विद्यार्थ्याला नेमके किती लागते? पाठ्यपुस्तकाची पीडीएफ साधारण १० ते ३० एमबीची असते. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवता येतात. पहिली ते बारावीची सारी पुस्तके एकत्र केली तरी काही जीबींतच काम भागते. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लेखन व भाषणांचे खंड उतरवून ठेवले, तरी त्यांना लागणारी जागा थोड्या तासांच्या व्हिडिओएवढीच. पुस्तकांमुळे टॅब भरत नाही, हे पहिले सत्य.

टॅब भरतो तो व्हिडिओंमुळे. एक तासाचे व्याख्यान मध्यम प्रतीचे असेल तर ३०० एमबीच्या आसपास, अधिक स्पष्ट असेल तर ७०० एमबी ते १ जीबी जागा घेते. स्पर्धा परीक्षेच्या एका विषयाची ६० व्याख्याने मध्यम प्रतीत उतरवली तर सुमारे १८ जीबी झाले. स्पष्ट प्रतीत तीच ५० जीबीच्या घरात जातात. फळ्यावरचे अक्षर वाचता आले की पुरे, हे ध्यानात ठेवून मध्यम प्रत निवडली तर अर्ध्याहून अधिक जागा वाचते, आणि त्यासाठी एक पैसाही खर्च होत नाही.

रस्त्याचाही हिशोब करा

'सगळे क्लाउडवर ठेवू' म्हणणाऱ्यांनी आपला रोजचा डेटा आठवावा. दिवसाला २ जीबीचा रिचार्ज असेल आणि सारा डेटा त्यातच घातला, तरी ६० जीबी वर चढवायला ३० दिवस लागतील. पाठवण्याचा वेग सेकंदाला १ मेगाबिट असेल, तर एक जीबी जायला सव्वादोन तास लागतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर डोंगराआड गेले की पट्ट्या गायब होतात, हे तिथल्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. परीक्षेच्या आदल्या रात्री उघडायची टिपणे क्लाउडवर एकटीच ठेवणे म्हणजे नदीपलीकडे धान्य ठेवण्यासारखे आहे. पूर आला की उपाशी.

म्हणून पहिला नियम असा: ज्याची गरज इंटरनेट नसतानाही पडते, ते टॅबमध्येच असले पाहिजे. २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा या सरकारी अ‍ॅपमध्ये धडे उतरवून घेऊन नंतर इंटरनेटशिवाय पाहण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा. मात्र खासगी शिकवणीच्या अ‍ॅपमधले उतरवलेले व्हिडिओ बहुधा त्या अ‍ॅपपुरतेच असतात. वर्गणी संपली की ते उघडत नाहीत. अशा व्हिडिओंसाठी मोठी साठवण घेताना ते किती दिवस टिकणार, हे आधी विचारावे.

एक अनुभव

आमच्या परिचयातील एक विद्यार्थिनी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. टॅब ३२ जीबीचा. ऐन परीक्षेत 'जागा शिल्लक नाही' अशी सूचना आली. व्याख्यान उतरवायचे होते म्हणून तिने छायाचित्रे पुसली, कचरापेटीही रिकामी केली. छायाचित्रे क्लाउडवर आपोआप जातात, असे तिला कोणीतरी सांगितले होते. ते खरेही होते. पण तिची मोफत जागा कित्येक महिन्यांपूर्वीच भरून गेली होती आणि तेव्हापासून एकही छायाचित्र वर गेलेले नव्हते. त्या छायाचित्रांत तिच्या दिवंगत वडिलांची शेवटची वर्षे होती. परीक्षा ती चांगल्या गुणांनी पास झाली. वडिलांचा फोटो मात्र आज घरात एकच आहे, ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला.

तिची चूक जागा कमी घेतल्याची नव्हती. २५६ जीबीचा टॅब असता आणि तो रिक्षात विसरला असता, तरी हेच झाले असते. चूक झाली ती एकाच प्रतीवर विसंबल्याची, आणि दुसरी प्रत खरोखर आहे का हे न पाहिल्याची.

येथे तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, गूगलची मोफत जागा १५ जीबी असते व ती मेल, ड्राइव्ह आणि छायाचित्रे या तिन्हींत मिळून असते. १ जून २०२१ पासून चढवलेली सर्व छायाचित्रे या हिशोबात धरली जातात. अ‍ॅपलची मोफत जागा ५ जीबी आहे. दोन, छायाचित्रांच्या क्लाउडशी जोडलेल्या अ‍ॅपमधून चित्र पुसले की ते क्लाउडवरूनही जाते. कचरापेटीत काही दिवस राहते खरे, पण ती रिकामी केली की संपले. तीन, गूगलचे खाते सलग दोन वर्षे वापरले नाही तर कंपनी ते मजकुरासह बंद करू शकते. तसेच खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडला आणि संकेतशब्दही विसरला, तर स्वतःच्याच खोलीला कुलूप लागते. सिम बदलताना खात्यातला क्रमांक आधी बदलावा.

आपल्या लेण्यांतला दाखला

प्रत दोन ठिकाणी ठेवण्याची रीत नाशिकला नवी नाही. त्रिरश्मी लेण्यांतील क्रमांक १० च्या विहारात उषवदाताचा शिलालेख आहे. नहपान क्षत्रपाचा हा जावई. सुमारे १९०० वर्षांपूर्वी त्याने लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या चीवरादी खर्चासाठी ३,००० कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, १,००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे, असा ठराव. हे दान नगरसभेत वाचून दाखवले आणि रिवाजाप्रमाणे फलकांवर लिहून ठेवले, असेही त्या लेखात म्हटले आहे.

आता पाहा. ठेव दुसऱ्याकडे होती, त्या श्रेणी आज नाहीत. फलकही राहिले नाहीत. भिंतीवर कोरलेली प्रत राहिली, म्हणून आपल्याला हे सारे कळते. याचा अर्थ दुसऱ्याकडे ठेवूच नये असा नव्हे; श्रेणी चालल्या तोवर त्यांनी उपयोगच केला. अर्थ एवढाच की ठेव दुसऱ्याकडे असली तरी नोंद आपल्या हाती असावी, आणि ती एकाहून अधिक ठिकाणी असावी.

याच जिल्ह्यातला अलीकडचा दाखला इगतपुरीचा. तेथील विपश्यना विशोधन विन्यासाने १९९० च्या दशकात छट्ठ संगायनाचे पाली तिपिटक अट्ठकथांसह संगणकावर आणले आणि ते सीडीच्या रूपाने वाटले. एका सीडीची क्षमता ७०० एमबीच्या आत असते. एवढे ग्रंथभांडार त्यात मावले, आणि आज तेवढी जागा एक तासाचा व्हिडिओ खातो. परंतु आजच्या टॅबला सीडी लावायची सोयच नाही. तो मजकूर पुढे संकेतस्थळावर व उतरवून घेण्याजोग्या स्वरूपात आणला, म्हणून आजच्या विद्यार्थ्याला तो वाचता येतो. साधन जुने होते. वेळोवेळी नवी प्रत काढली तरच मजकूर राहतो.

मग पैसे कुठे घालावेत?

भावातला फरक पाहू. २०२५ साली आलेल्या अकराव्या पिढीच्या आयपॅडची भारतातील जाहीर किंमत १२८ जीबीसाठी ३४,९०० रुपये आणि २५६ जीबीसाठी ४४,९०० रुपये होती. म्हणजे वरच्या १२८ जीबीसाठी १०,००० रुपये. गूगलची १०० जीबीची योजना वर्षाला १,३०० रुपयांच्या आसपास पडत आली आहे. त्या दहा हजारांत साडेसात वर्षांचे भाडे निघते. आयपॅडला मेमरी कार्डाची खाच नसते, म्हणून तेथे पहिल्याच दिवशी विचार करावा लागतो. अँड्रॉइडच्या अनेक टॅबना अशी खाच असते. कार्ड नंतर, गरज पडेल तेव्हा घेता येते. मात्र कार्डावर पुस्तके व व्हिडिओ ठेवावेत; अ‍ॅप्स सहसा टॅबच्या स्वतःच्या जागेतच राहतात. कार्ड नामांकित कंपनीचे व पावतीसह घ्यावे. बनावट कार्ड आकडा मोठा दाखवते आणि भरत आले की मजकूर खराब करते.

यावरून आमचा सल्ला असा:

१. फक्त पुस्तके वाचणे व ऑनलाइन तास ऐकणे एवढेच असेल, तर कार्डाची खाच असलेला ६४ जीबीचा टॅब पुरतो. ३२ जीबीचा नवा किंवा जुना, स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

२. महाविद्यालयीन किंवा स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याने, तसेच दोन भावंडांत एक टॅब असेल तेथे, १२८ जीबी घ्यावा. बहुसंख्य घरांना हाच योग्य.

३. २५६ जीबीची गरज व्हिडिओ संपादन किंवा तत्सम जड काम करणाऱ्यालाच. इतरांनी तो पैसा टॅबचे आवरण, चांगला रिचार्ज व पुस्तके यांत घालावा.

४. क्लाउडची मोफत जागा छोट्या पण मोलाच्या वस्तूंसाठी राखावी: स्वतःची टिपणे, प्रकल्प, अर्जांच्या प्रती, घरातील निवडक छायाचित्रे. व्हॉट्सअ‍ॅपवरचे सुप्रभात-संदेश तेथे चढू देऊ नयेत.

५. गुणपत्रिकांसारखे जे दाखले संबंधित खात्याकडून डिजिलॉकरमध्ये मिळत असतील, ते तेथे घ्यावेत. ही सरकारी सोय २०१५ पासून आहे व खात्याने दिलेला तेथील दाखला कायद्याने मुळाबरोबरीचा मानला जातो. आपण स्वतः फोटो काढून चढवलेल्या प्रतीला मात्र तो दर्जा नाही. म्हणून जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र यांचे मूळ कागद घरी पेटीत जपावेतच.

६. जे पुन्हा मिळणार नाही, त्याची तिसरी प्रत पेन ड्राइव्हवर काढून घरात दुसऱ्या ठिकाणी ठेवावी.

शेवटची गोष्ट पैशाची नाही, सवयीची आहे. महिन्यातून एक दिवस ठरवावा. पौर्णिमा ठरवली तर विसर पडणार नाही. त्या दिवशी दुसऱ्याच्या मोबाइलवरून आपल्या क्लाउडच्या खात्यात शिरून एखादे टिपण, एखादे छायाचित्र प्रत्यक्ष उघडून पाहावे. उघडले, तर प्रत आहे. काम झाल्यावर त्या मोबाइलवरून खाते बंद करण्यास विसरू नये.

पालकांनी टॅब घेण्याआधी मुलांना जवळ बसवून वरचा हिशोब त्यांच्याकडूनच कागदावर करून घ्यावा: पुस्तके किती, व्याख्याने किती, छायाचित्रे किती. आकडा त्या कागदावरून ठरवावा आणि मगच दुकानाची पायरी चढावी.