छायेवरून निवाडा नको

दारव्हा तालुक्याच्या काळ्या जमिनीत ज्याचा जन्म गेला, त्याच्या श्वासाबरोबर किती माती छातीत उतरली याची नोंद कोणत्याही दफ्तरी नसते. परंतु संधिवातासाठी वैद्यकीय सल्ल्याने दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या, आणि त्यायोगे प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या मला तुरीच्या मळणीनंतर खोकला व ज्वर यांनी ग्रासले, तेव्हा ती मातीच प्राणांशी आली. एक्स-रेत उजव्या फुप्फुसात वाटोळी छाया दिसली, सिटी स्कॅनच्या अहवालात कर्करोगाचा संशय नमूद झाला, आणि घरात शेत विकण्याची भाषा सुरू झाली.

सुईने काढलेल्या पहिल्या तुकड्यात कर्करोगाच्या पेशी नव्हत्या, केवळ दाह होता. परंतु तो सबंध तुकडा फॉर्मलिनमध्ये बुडविला गेल्याने त्यातील जंतू मेले, व ते वाढवून ओळखण्याची वाट बंद झाली. दुसऱ्या खेपेस नागपूरच्या एका छातीरोगतज्ज्ञांनी एक भाग फॉर्मलिनमध्ये आणि दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये पाठविला, व प्रयोगशाळेला ताकीद दिली की नमुना चार दिवसांत निकाली न काढता दोन-तीन आठवडे राखावा. या तजविजीनेच मी वाचलो, अशी माझी खातरी आहे. निघाला तो नोकार्डिया: एदमों नोकार या फ्रेंच पशुवैद्याने १८८८ साली गुरांच्या व्याधीत शोधलेल्या कुळातला, मातीत राहणारा जंतू, जो क्षयाच्या रंगपरीक्षेत अर्धवट रंग धरून क्षयाचाही भ्रम उत्पन्न करतो. तो मेंदूत पसरू शकतो, म्हणून मेंदूचेही चित्र काढले. अनेक महिने को-ट्रायमोक्साझोल घेतल्यावर छाया विरली.

क्षयाची गाठ, जुन्या क्षयाच्या पोकळीत वाढलेला बुरशीचा गोळा आणि कुत्र्यांच्या विष्ठेतील कृमींच्या अंड्यांपासून होणारी हायडॅटिड गाठ याही अशाच फसव्या असतात. या शेवटच्या गाठीला सुई लागल्यास प्राणघातक ॲलर्जी उद्भवू शकते, तेव्हा मेंढ्या-कुत्र्यांच्या सहवासात वावरणाऱ्याने ते आधीच सांगावे. उलट, खरा कर्करोगही क्षय समजून महिनोन्महिने गोळ्यांखाली दडून राहतो. म्हणून दिलासा शोधत तपासणी लांबवू नये.

सरकारी दवाखान्यात थुंकीची क्षयतपासणी विनामूल्य होते. ती करावी, जुने एक्स-रे जपून न्यावेत, मधुमेह व स्टेरॉइडची माहिती सांगावी, आणि तुकडा काढण्यापूर्वी डॉक्टरांना नम्रपणे एवढे अवश्य विचारावे, की जंतू व बुरशीच्या तपासणीसाठी त्याचा एक भाग फॉर्मलिनशिवाय पाठविणार ना?