हातांची बोली

प्रस्तावना

घरातील माणसे जेवायला एकत्र बसली की बोलणे आपोआप सुरू होते. कोणाचे लग्न ठरले, कोणाच्या विहिरीला पाणी लागले, कोण कशावरून रुसले, हे सारे ताटाभोवती कळत जाते. आपण आपली भाषा बऱ्याच अंशी अशीच शिकतो, कोणी मुद्दाम न शिकवता. पण त्याच पंगतीत ऐकू न येणारे एखादे मूल असेल तर? सगळे हसले की ते खुणेने विचारते, ‘काय झाले?’ उत्तर मिळते, ‘नंतर सांगू.’ ते ‘नंतर’ बहुधा येतच नाही. कर्णबधिर मुलाला भाषा हवी असते, तशी ती भाषा जाणणारी घरची माणसेही हवी असतात. कर्णबधिर व्यक्ती आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी भरणाऱ्या उन्हाळी शिबिराच्या निमित्ताने हा विचार या पाठात मांडला आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• कर्णबधिर मुलाच्या घरातील एकटेपणाचे कारण सांगता येईल;
• सांकेतिक भाषेची वैशिष्ट्ये स्पष्ट करता येतील;
• कर्णबधिरांच्या शिक्षणातील काही महत्त्वाच्या घटनांची माहिती देता येईल.

मूळ पाठ

चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे चाळीस किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूर हे गाव लागते. वैष्णव आचार्य रामानुज यांचे हे जन्मस्थान. गुरूने गुप्त ठेवण्यास सांगितलेला मंत्र त्यांनी मंदिराच्या गोपुरावर चढून सर्वांना ऐकवला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. आज या परिसरात मोटारींचे आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे मोठे कारखाने आहेत. अशा या गावी मे महिन्याच्या सुटीत एका ख्रिस्ती संस्थेने कर्णबधिरांसाठी कौटुंबिक शिबिर भरवले आहे, अशी कल्पना करू या. त्या शिबिराला अहिल्यानगर जिल्ह्यातील एक मराठी ख्रिस्ती कुटुंब दौंडहून रेल्वेने निघाले आहे. आई, वडील, थोरला मुलगा आणि बारा वर्षांची कर्णबधिर मुलगी.

मुलगी निवासी शाळेत शिकते. वर्गात तिला ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखायला आणि उच्चार करायला शिकवतात. खरे बोलणे मात्र ती वसतिगृहात मोठ्या मुलींकडून शिकली, हातांनी. सुटीत ती घरी येते तेव्हा ही बोली कोणालाच येत नाही. रविवारी ती घरच्यांसोबत चर्चमध्ये जाते. नारायण वामन टिळकांची गीते सारे तल्लीन होऊन गातात आणि ती हलणाऱ्या ओठांकडे पाहत बसते.

आईवडिलांचे मुलीवर प्रेम नव्हते असे नाही. ‘खुणा केल्या तर ती बोलायला शिकणार नाही,’ असे त्यांना पूर्वी कोणी तरी सांगितले होते. या समजुतीला दीर्घ इतिहास आहे. १८८० साली इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. शिक्षण केवळ उच्चारांद्वारे द्यावे, असा ठराव तिने केला. त्यानंतर अनेक देशांतील शाळांमधून खुणांना बंदी झाली. २०१० साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे भरलेल्या परिषदेने तो ठराव नाकारला आणि त्याच्या दुष्परिणामांबद्दल खेद व्यक्त केला. मधल्या एकशे तीस वर्षांत कित्येक पिढ्या आपल्या भाषेची लाज बाळगत वाढल्या.

याउलट उदाहरणही आहे. अठराव्या शतकात पॅरिसमधील धर्मगुरू आबे द लेपे यांना दोन कर्णबधिर बहिणी भेटल्या. त्यांना धर्मशिक्षण देण्यासाठी लेपे यांनी प्रथम त्यांच्या खुणा समजून घेतल्या आणि पुढे कर्णबधिरांसाठी विनामूल्य शाळा चालवली. भारतातही आरंभीच्या शाळांमागे ख्रिस्ती धर्मसेवक होते. मुंबईत १८८० च्या दशकात बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने कर्णबधिर मुलांसाठी शाळा सुरू झाली. तमिळनाडूतील पाळयंकोट्टै येथे त्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्स स्वेन्सन यांनी शाळा काढली.

शिबिरात पोहोचल्यावर आईवडील गोंधळून गेले. कानावर पडणारी भाषा तमिळ, हातांवर चाललेली भाषा खुणांची. दोन्हीही त्यांना अनोळखी. मुलगी मात्र पहिल्या संध्याकाळीच मदुराईच्या मुलींमध्ये रमली. तिच्या काही खुणा त्यांच्याहून वेगळ्या होत्या. पण भारतातील निरनिराळ्या भागांत खुणांचे शब्द काहीसे बदलले, तरी व्याकरण बहुतांशी समान असते. या भाषेत प्रश्नार्थक शब्द सामान्यतः शेवटी येतो. ‘तू कोठे राहतेस?’ हे ‘तू – राहणे – कोठे’ असे सांगितले जाते आणि त्या वेळी चेहऱ्यावरचा भाव प्रश्नचिन्हाचे काम करतो. म्हणजे ही केवळ हातवाऱ्यांची नक्कल नव्हे. तिला स्वतःचे नियम आहेत.

येथे कोणी हाका मारत नव्हते. सर्वांचे लक्ष वेधायचे असेल तर दिवे उघडझाप करीत. खुर्च्या गोलाकार मांडलेल्या, कारण ज्याचे हात दिसत नाहीत त्याचे बोलणेही पोहोचत नाही. टाळ्यांऐवजी दोन्ही हात उंचावून हलवीत. प्रत्येकाला खुणेचे एक नाव मिळाले. वडिलांना त्यांच्या झुपकेदार मिशांवरून. सकाळच्या प्रार्थनेत सारे हात एकाच लयीत हलू लागले. मोठ्या ढोलाचा कंप जमिनीतून पायांना जाणवत होता. मुलगी प्रथमच इतरांबरोबर गात होती.

तिसऱ्या रात्री जेवताना मेजावर एकदम हशा पिकला. आईला काहीच समजले नाही. तिने मुलीच्या दंडाला स्पर्श करून विचारले, ‘काय झाले?’ मुलगी गोष्टीत रंगली होती. तिने न वळताच हाताने ‘नंतर’ अशी खूण केली. आईचा घास हातातच राहिला. बारा वर्षे घरात आपण हेच उत्तर देत आलो, हे तिच्या ध्यानात आले. क्षणभराने मुलगी वळली, आईचा चेहरा पाहिला आणि सारी गंमत पुन्हा पहिल्यापासून, सावकाश सांगू लागली.

दुसऱ्या दिवसापासून पालकांच्या वर्गात ही आई सर्वांत पुढे बसू लागली. श्रवणयंत्र आणि उच्चारशिक्षण यांचा अनेक मुलांना लाभ होतो, तो घ्यावाच. परंतु खुणांमुळे वाचा मागे पडते ही भीती निराधार आहे, हे तिला तेथे समजले. बहुसंख्य कर्णबधिर मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात. त्यामुळे ही भाषा घरात वारशाने येत नाही. ती मोठ्यांनी शिकून घ्यावी लागते.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या पन्नास लाखांहून अधिक होती. त्यांच्या भाषेला आता मान्यता मिळू लागली आहे. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. केंद्राच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांचा समावेश झाला. त्याच वर्षी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक अभ्यासक्रमात सांकेतिक भाषा हा विषय आला.

कुटुंब गावी परतले तेव्हा आईला जेमतेम शंभर खुणा येत होत्या. त्या रात्री भावाने जेवताना काही तरी विनोद केला. आईने भाकरी ताटात ठेवली, हात मोकळे केले आणि मुलीकडे वळली. खुणा चुकत होत्या, मुलगी त्या दुरुस्त करीत होती. जेवण लांबले. पण त्या रात्री सगळे एकाच वेळी हसले.

शब्दार्थ

कर्णबधिर – ऐकू न येणारा
गोपूर – दक्षिणेतील मंदिराच्या प्रवेशद्वारावरील उंच शिखर
कंप – थरथर
निराधार – पुरावा नसलेली

पाठगत प्रश्न

१. मुलगी हातांची बोली कोठे व कोणाकडून शिकली?
२. शिबिरात खुर्च्या गोलाकार का मांडल्या होत्या?
३. मिलान येथील परिषदेने कोणता ठराव केला?

पाठान्त प्रश्न

१. ‘आईचा घास हातातच राहिला.’ या वाक्यामागील भावना तुमच्या शब्दांत लिहा.
२. आबे द लेपे यांचे उदाहरण या पाठात का दिले असावे?
३. ‘सांकेतिक भाषा ही स्वतंत्र भाषा आहे,’ हे विधान पाठातील उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.

उपक्रम

तुमच्या परिसरातील कर्णबधिर व्यक्तीकडून नमस्कार, पाणी, जेवण, आभार आणि नाव या पाच शब्दांच्या खुणा शिकून घ्या व आपल्या घरातील सर्वांना शिकवा.